आजाराची वंशावळ कशी काढावी

जात पडताळणीसाठी वंशावळ जोडायची वेळ आली की घरातल्या जुन्या ट्रंका उघडतात. खापरपणजोबांपासून आपल्यापर्यंत सगळे पुरुष ओळीने उभे राहतात. मुली बहुधा त्यात नसतातच. आत्या लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच खुंटते, आणि आजीचं माहेर तर कागदावर कधी चढलेलंच नसतं. घरात कर्करोग पिढ्यांतून उतरतोय का हे बघायचं असेल तर ही वंशावळ अर्धीच कामाची. दुसरी काढावी लागते. एक रविवार, एक मोठा कागद आणि घरातली सगळ्यात बोलकी म्हातारी, एवढ्यावर सुरुवात होते.

आधी थोडी धास्ती कमी करू. शंभरातल्या साधारण ५ ते १० कर्करोगांमागेच आईवडिलांकडून आलेला जनुकीय दोष असतो. वारशात येतो तोही बिघाड, कर्करोग नव्हे. स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या (ओव्हरीच्या) कर्करोगाशी जोडलेली बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं पेशीतला तुटलेला डीएनए दुरुस्त करायला मदत करतात. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत जन्मतःच बिघडलेली असेल तर सगळी भिस्त दुसरीवर. तीही एखाद्या पेशीत गेली की दुरुस्ती ढासळते आणि चुका साचत जातात. इतरांच्या पेशीला दोन्ही प्रती गमवायला लागतात, इथे एकच उरलेली असते. म्हणून असा कर्करोग बऱ्याचदा पन्नाशीच्या आतच गाठतो.

कागद आखताना

मधोमध स्वतःला ठेवा. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कर्करोग झालेल्याचं चिन्ह भरून काळं. निदान तीन पिढ्या हव्यात: भावंडं आणि मुलं, आईवडील आणि त्यांची भावंडं, चारी आजी-आजोबा. चुलत, आते, मामे, मावस भावंडंही घ्या. इथे मराठीची सोय आहे. नुसतं ‘कझिन’ म्हटलं तर कुठल्या बाजूचं ते पुन्हा विचारावं लागतं, आतेबहीण म्हटलं की बाजू तिथल्या तिथे कळते. बाजू कळणं गरजेचं आहे, कारण आईकडचे दोन आणि वडिलांकडचे दोन रुग्ण मिळून चार होत नाहीत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या वाचायच्या.

वडिलांची बाजू हमखास सुटते. ‘स्तनाचा कर्करोग, म्हणजे आईकडचं बघायचं’ असं डॉक्टरांच्या तोंडूनही कधीकधी ऐकू येतं. ते चूक आहे. बीआरसीएतला दोष वडिलांकडूनही तेवढाच येतो. दोष असलेल्या आईच्या किंवा बापाच्या प्रत्येक मुलामुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्या बापाला बहिणी नाहीत, त्याच्यामागे तो कुणाला काही न होता दडून राहू शकतो.

नावं अडली तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत, कोल्हापूर-सांगलीकडे घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हेळवी आहेत. आजार मात्र त्यांच्याकडे लिहिलेले नसतात.

विचारताना

‘घरात कुणाला कॅन्सर होता का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘नाही’ येईल. तो शब्द उच्चारायचाच नाही, अशी कितीतरी घरं होती. त्याऐवजी विचारा: ती कशाने गेली? ऑपरेशन झालं होतं का? मुंबईला कशासाठी नेलं होतं? मग भाषा उलगडायला लागते. ‘छातीत गाठ होती’ हे सरळ आहे. ‘पोटात पाणी झालं’ हे बीजांडकोशाच्या कर्करोगात होतं, पण यकृताच्या आजारात आणि टीबीतही होतं, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह टाका. ‘पिशवी काढली’ तर आपल्याकडे फार ऐकू येतं आणि बहुतेक वेळा त्यामागे कर्करोग नसतो. तरीही टिपून ठेवा, आणि बीजांडकोशही काढले होते का ते विचारा. तरुणपणीच ते काढलेल्या बाईला बीजांडकोशाचा कर्करोग झाला नाही, यावरून फारसा निष्कर्ष निघत नाही.

वारल्याचं वय सगळे सांगतात. आपल्याला हवं ते आजार कळला तेव्हाचं. आकडा आठवत नसेल तर प्रसंगाला बांधा: बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी ती होती का, धाकटीच्या लग्नात धावपळ करत होती की अंथरुणात होती. अंदाजाचं वय असेल तर तसं लिहा.

शक्य असेल तर बायोप्सीचा कागद मिळवा. ‘पोटाचा कर्करोग’ म्हणजे जठर, मोठं आतडं की बीजांडकोश, हे त्यावरूनच ठरतं. रुग्णालयातली नोंद कधी माहेरच्या नावाने असते, तेव्हा दोन्ही नावं सांगा.

असल्या चौकशीतून काय निघू शकतं, त्याची गोष्ट १८९५ सालची, अमेरिकेतल्या मिशिगनमधली. शिवणकाम करणारी एक बाई डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्यात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात. ती खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिननी तिच्या घराण्याची मांडणी १९१३ मध्ये छापली. तोच आजार, म्हणजे मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या कर्करोगाचा वारशात येणारा धोका, पुढे लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला गेला. बाईने एका वाक्यात सांगितलं होतं, विज्ञानाला जनुकं सापडायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

वाचताना

थांबून बघावं असं काय? स्तनाचा किंवा मोठ्या आतड्याचा कर्करोग पन्नाशीच्या आत. बीजांडकोशाचा, कुठल्याही वयात. पुरुषाला स्तनाचा. एकाच माणसाला दोन वेगळे कर्करोग, किंवा दोन्ही स्तनांत. एकाच बाजूला आतडं आणि गर्भाशय अशी जोडी. यातली एखादी खूण सापडली तरी डॉक्टरांशी बोलण्याइतकं कारण आहे.

उलट, तीन भावांना तोंडाचा कर्करोग आणि तिघांच्याही खिशात तंबाखूची पुडी, तर आधी पुडीकडे बघा. गर्भाशयमुखाचा कर्करोग मुख्यतः एचपीव्ही विषाणूमुळे होतो. घरात मिळून वापरलेली सवयही घराण्यातच दिसते.

तपासणीचं ठरवताना

कागद घेऊन जेनेटिक कौन्सेलरकडे (वारशाने येणाऱ्या आजारांबद्दल सल्ला देणाऱ्याकडे) किंवा कर्करोगतज्ज्ञाकडे जा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग केंद्रांत यासाठी वेगळी सोय असते. ऑनलाइन मागवलेल्या, थुंकीतून जनुकं तपासणाऱ्या किटवर निर्णय घेऊ नका. त्यातली बरीच किटं मोजकेच बदल बघतात, आणि ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा क्रमात होतो. निरोगी लेक घाबरून आधी स्वतःची तपासणी करते आणि आजारी मावशीला कुणी विचारतच नाही. शक्यतो उलटं करावं: ज्यांना कर्करोग झालाय त्यांची आधी. मावशीत दोष सापडला, तर भाचीत फक्त तोच शोधायचा, आणि नाही मिळाला तर तिचा धोका इतर बायकांइतकाच समजता येतो. मावशीची तपासणीच झाली नसेल तर भाचीचा ‘निगेटिव्ह’ फारसा काही सांगत नाही. अमेरिकेतल्या किंवा पुण्यातल्या कुणाची तपासणी आधीच झाली असेल तर ‘पॉझिटिव्ह आहे’ एवढा निरोप पुरत नाही. पूर्ण रिपोर्ट मागवा, त्यात बदलाचं नेमकं नाव असतं.

रिपोर्टात तिसरं उत्तरही येतं: बदल सापडला, पण त्याचा अर्थ अजून ठरलेला नाही. त्यावर विसंबून कुणी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. पुढे अर्थ ठरला तर प्रयोगशाळा आपला रिपोर्ट बदलते, म्हणून दोनेक वर्षांनी पुन्हा विचारा.

दोष पक्का निघाला तर धोका मोठा आहे. बीआरसीए१ किंवा २ मध्ये दोष असलेल्या बाईला ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास, बीजांडकोशाचा बीआरसीए१ मध्ये सुमारे ४४ आणि बीआरसीए२ मध्ये १७ टक्के. हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांच्या अभ्यासातले आहेत. पण हातात उपायही येतात: तरुणपणापासून स्तनांचं एमआरआय, मुलंबाळं झाल्यावर बीजांडकोश काढणं, आणि लिंच असेल तर दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी.

‘मुलींच्या लग्नाचं कसं होणार’ हा प्रश्न घरात येणारच. मला तो लहान वाटत नाही. पण गप्प राहिल्याने दोष जात नाही. मुलग्यांनाही सांगा, कारण तेही तो पुढे देऊ शकतात. या प्रौढपणीच्या आजारांसाठी अठराच्या आतल्या मुलांची तपासणी सहसा करत नाहीत, तेव्हा तो विषय पुढे ढकलता येतो.

कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला, फोटो काढून दोन्हीकडच्या एकेका माणसाकडे ठेवा, आणि प्रश्नचिन्हं खोडू नका. पुढच्या लग्नात पंगत उठली की आत्याच्या सासरची कुणीतरी भेटेलच.