छोट्या डीसी मोटरचे वाइंडिंग: वेढे आणि तारेचे गेज कसे ठरवावे

वेढे वाढवले की मोटरची ताकद वाढते, हा समज अर्धाच खरा आहे. स्लॉटमध्ये, म्हणजे आर्मेचरच्या (मोटरच्या फिरणाऱ्या भागाच्या) खाचेत, तांबे मावायचे तेवढेच मावते, त्यामुळे वेढे दुप्पट करायचे तर तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ निम्मे करावे लागते. दर अँपिअरमागे मिळणारा टॉर्क (फिरवणारा जोर) दुप्पट होतो खरा, पण रोध चौपट झाल्याने तेवढ्याच उष्णतेत मिळणारा टॉर्क होता तेवढाच राहतो. म्हणून वेढे ठरवताना पाहायचे ते व्होल्टेज आणि वेग.

उदाहरणादाखल, तीन स्लॉटच्या आर्मेचरची, दोन चुंबकांची 6 व्होल्टची मोटर त्याच वेगाने 12 व्होल्टवर चालवायची आहे असे समजू. जुनी तार उलगडताना एका कॉइलचे वेढे मोजावेत, वेढ्यांची दिशा आणि टोके कोणत्या सेगमेंटला (शाफ्टवरच्या कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्टीला) जोडली होती हे कागदावर काढून ठेवावे आणि तारेवरचे एनॅमल (इन्सुलेशनचा पातळ थर) खरवडून मायक्रोमीटरने व्यास घ्यावा. समजा 28 गेजचे (SWG मापात), म्हणजे 0.376 मिमी तारेचे, 60 वेढे निघाले. व्होल्टेज दुप्पट म्हणून वेढे 120, आणि व्यास भागिले 1.41, म्हणजे सुमारे 0.266 मिमी. या मापाच्या आसपास 32 गेज (0.274 मिमी) आणि 33 गेज (0.254 मिमी) मिळतात. हाताने गुंडाळणाऱ्याने 33 घ्यावे, कारण बारीक तारेत एनॅमलचा वाटा वाढतो आणि 32 गेजचे शेवटचे वेढे बसवताना स्लॉट हमखास अपुरा पडतो.

आता रोध काढावा. सरासरी वेढा 40 मिमीचा असेल तर 120 वेढ्यांना 4.8 मीटर तार लागते आणि एका कॉइलचा रोध सुमारे 1.6 ओहम येतो. तिन्ही कॉइल डेल्टा पद्धतीने, म्हणजे त्रिकोणात एकमेकींना, जोडलेल्या असल्याने दोन सेगमेंटमध्ये मात्र त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे 1.1 ओहमच दिसतो. मोटर अडकली तर 12 व्होल्टवर जवळपास 11 अँपिअर प्रवाह वाहील. स्विच आणि फ्यूज त्या हिशेबाने निवडावेत.

गुंडाळण्याआधी स्लॉटमध्ये लेदरॉइड (इन्सुलेशनचा जाड) कागद बसवावा. तिन्ही कॉइल एकाच दिशेने, सारख्याच ताणाने आणि नेमक्या तेवढ्याच वेढ्यांच्या गुंडाळाव्यात. एका कॉइलचे शेवटचे टोक आणि पुढच्या कॉइलचे पहिले टोक एकाच सेगमेंटला डाग द्यावे. वेढे कमी-जास्त झाले तर आर्मेचरचा तोल जातो आणि ब्रशवर (सेगमेंटला टेकून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांवर) ठिणग्या उडतात.

शेवटी मल्टिमीटरची टोके एकमेकांना टेकवून येणारे रीडिंग वजा करून सेगमेंटच्या तिन्ही जोड्या मोजाव्यात. आकडे सारखे यायला हवेत. सेगमेंट आणि शाफ्ट यांच्यात रीडिंग मुळीच येता कामा नये. आले, तर कागद कुठेतरी फाटला आहे आणि ते वाइंडिंग उलगडण्यावाचून गत्यंतर नाही. या चाचण्या झाल्यावरच वॉर्निश लावावे, कारण ते सुकल्यानंतर तार सुटी करणे फार जिकिरीचे होते.