नव्या समाजमाध्यमाची पहिली पारख कशी करावी: ब्लूस्कायच्या निमित्ताने

नवे समाजमाध्यम हाती आले की त्याविषयीचे मत बहुधा पहिल्या तासाभरातच बनते, आणि तेही भलत्याच गोष्टींवरून बनते. ओळखीचे कोणी दिसले नाही म्हणून खाते वाऱ्यावर सोडले जाते, किंवा चार अनोळखी माणसांनी पहिल्याच पोस्टला दाद दिली म्हणून सगळा मुक्काम तिकडे हलवला जातो. माझ्या मते पहिल्या ओळखीत दोनच प्रश्नांची उत्तरे शोधावीत: आपल्यासमोर काय यावे हे कोण ठरवते, आणि उद्या निघायचे झाले तर आपले काय काय सोबत नेता येते. रंग, चिन्हे, बटणांची जागा या गोष्टी सवयीच्या असतात. त्या आठवडाभरात अंगवळणी पडतात. या दोन्ही प्रश्नांना ब्लूस्काय या सेवेने नेहमीपेक्षा वेगळी उत्तरे दिलेली असल्यामुळे इथे तिचेच उदाहरण घेतले आहे. मात्र इथे सुचवलेला क्रम इतर कोणत्याही नव्या सेवेला लावून पाहता येईल.

आधी थोडी पूर्वपीठिका पाहू, कारण तिच्यावाचून पहिल्या दिवशी जे दिसते त्याचा अर्थ लागत नाही. ट्विटरचे तत्कालीन प्रमुख जॅक डॉर्सी यांनी डिसेंबर २०१९ मध्ये या प्रकल्पाची घोषणा केली. कोणा एका कंपनीच्या मुठीत नसलेली, ईमेलसारखी सामायिक नियमांवर चालणारी समाजमाध्यम-व्यवस्था उभारणे हा त्यामागचा हेतू होता. २०२१ मध्ये ब्लूस्काय ही स्वतंत्र कंपनी झाली आणि जे ग्रेबर तिच्या प्रमुख झाल्या. ६ फेब्रुवारी २०२४ पर्यंत निमंत्रणाशिवाय तिथे प्रवेश मिळत नसे. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या देशात एक्स (पूर्वीचे ट्विटर) बंद केले तेव्हा ब्राझीलमधून लोंढा आला, आणि नोव्हेंबरमधील अमेरिकी निवडणुकीनंतर खात्यांची संख्या दोन कोटींच्या पुढे गेली. म्हणजे तिथली वर्दळ मुख्यतः इंग्रजी, पोर्तुगीज आणि जपानी बोलणाऱ्यांची आहे. मराठी माणसाला पहिल्या दिवशी तिथे सामसूम वाटली तर त्याचे कारण या इतिहासात आहे, आणि तेवढ्यावरून सेवेचा निकाल लावणे घाईचे ठरेल.

खाते उघडताना

खाते उघडण्यासाठी ईमेल, पासवर्ड, जन्मतारीख आणि एक हँडल, म्हणजे खात्याचे सर्वांना दिसणारे नाव, लागते. त्यात अवघड काही नाही. फोनमधील संपर्कयादी वाचण्याची परवानगी मागितली गेल्यास ती देऊ नये. त्या यादीतील माणसांनी आपले क्रमांक कोणा कंपनीला द्यायला सांगितलेले नसते. ईमेलची खातरजमा झाली की सेटिंग्जमध्ये जाऊन ईमेलवर संकेतांक पाठवणारी दुहेरी पडताळणी लगेच सुरू करावी. जुन्या ठिकाणचे मित्र शोधून देतो असे सांगणाऱ्या त्रयस्थ साधनांना मुख्य पासवर्ड कधीही देऊ नये. अशा कामासाठी सेटिंग्जमधून वेगळा ॲप पासवर्ड बनवता येतो आणि काम संपल्यावर तो रद्दही करता येतो.

हँडलची गोष्ट जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. सुरुवातीला मिळणारे हँडल कंपनीच्या नावाने संपते, परंतु स्वतःचे संकेतस्थळ असल्यास त्याचा पत्ताच हँडल म्हणून लावता येतो. त्यासाठी डोमेनच्या डीएनएस नोंदींत, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता इंटरनेटला सांगणाऱ्या नोंदींत, एक छोटी ओळ भरावी लागते. हँडल ही दारावरची पाटी आहे. पाटी बदलली तरी घर तेच राहते, कारण प्रत्येक खात्याला आतून एक कायमचा ओळखक्रमांक दिलेला असतो, आणि त्यामुळे फॉलोअर किंवा जुन्या पोस्ट हरवत नाहीत. वाचणाऱ्यालाही याचा उपयोग होतो. एखाद्या वृत्तपत्राच्या नावाने खाते दिसले आणि त्याचे हँडल त्या वृत्तपत्राच्या अधिकृत संकेतस्थळाचेच असले, तर खरेखोटे ठरवण्यासाठी आणखी कोणाच्या शिक्क्याची गरज उरत नाही. एप्रिल २०२५ पासून निळ्या खुणेची सोयही आली आहे आणि काही मान्य संस्था इतरांची ओळख पटवून ती खूण देऊ शकतात. तरीही मी आधी हँडल पाहतो आणि मग खूण.

समोर काय येते, ते कोण ठरवते

आत शिरल्यावर वरच्या बाजूला दोन फीड, म्हणजे पोस्टचे दोन प्रवाह, दिसतात. ‘फॉलोइंग’मध्ये आपण ज्यांना फॉलो करतो त्यांच्या पोस्ट काळाच्या क्रमाने येतात. ‘डिस्कव्हर’मध्ये काय यावे हे कंपनीची गणिती पद्धत ठरवते. नव्या माणसाला साहजिकच दुसऱ्या फीडमध्ये जास्त हालचाल दिसते, आणि तिथे दिसलेली भांडणे, विनोद व मांजरांची छायाचित्रे म्हणजेच ब्लूस्काय असा ग्रह करून तो परत फिरतो. तेव्हा पहिले दोन-तीन दिवस ‘डिस्कव्हर’कडे पाहूच नये, निदान त्यावरून मत तरी बनवू नये. त्याऐवजी आपल्या आवडीच्या विषयातील वीस-पंचवीस माणसे किंवा संस्था शोधून त्यांना फॉलो करावे आणि ‘फॉलोइंग’मध्ये काय जमते ते पाहावे. कोणाला फॉलो करण्यापूर्वी त्याच्या खात्यावरील शेवटच्या दहा-बारा पोस्ट चाळाव्यात; नाव मोठे असले तरी खाते महिनोन्‌महिने निपचित पडलेले असू शकते.

ब्लूस्कायचा खरा वेगळेपणा यापुढे आहे. इथे फीड बनवण्याचा अधिकार एकट्या कंपनीकडे ठेवलेला नाही. कोणीही स्वतःच्या नियमांनुसार फीड बनवू शकतो आणि कोणीही ते आपल्या पानावर टाचून ठेवू शकतो. पक्षिनिरीक्षण, खगोलशास्त्र, विणकाम अशा विषयांची फीड आहेतच, पण मला अधिक उपयोगी वाटतात ती वर्तनावर आधारलेली फीड. उदाहरणार्थ, ‘क्वाएट पोस्टर्स’ नावाच्या फीडमध्ये आपण फॉलो करत असलेल्यांपैकी क्वचितच लिहिणाऱ्यांच्या पोस्ट वर येतात. दिवसाला पन्नास पोस्ट टाकणाऱ्यांच्या गर्दीत महिन्याकाठी एकदा लिहिणारा अभ्यासक इथे हाती लागतो. अशी दोन-तीन फीड निवडून ती वर टाचून ठेवावीत, नको असलेली काढून टाकावीत आणि त्यांचा क्रम आपल्या सोयीने लावावा. ‘फॉलोइंग’मधूनही इतरांना दिलेली उत्तरे आणि रीपोस्ट वगळण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे. ती वापरल्यावर पाने किती शांत होतात हे एकदा अनुभवून पाहण्यासारखे आहे.

जून २०२४ मध्ये आलेल्या ‘स्टार्टर पॅक’ या सोयीविषयी मात्र सावध राहावे. कोणीतरी निवडलेल्या, जास्तीत जास्त १५० खात्यांचा हा संच असतो आणि एका बटणावर सगळ्यांना फॉलो करता येते. मोह होतो, पण ते बटण दाबले की आपली पाटी कोरी असण्याचा फायदा संपतो आणि दुसऱ्याच्या आवडीनिवडी आपल्या डोक्यावर बसतात. पॅक उघडावा, नावे वाचावीत आणि एकेकाला निवडून फॉलो करावे.

याच टप्प्यावर म्यूट आणि ब्लॉक यांतील फरक समजून घ्यावा. म्यूट केलेले शब्द, विषय किंवा खाती आपल्यापुरती नाहीशी होतात आणि त्याची खबर कोणाला लागत नाही. शब्द ठरावीक मुदतीपुरतेही म्यूट करता येतात, जे क्रिकेटचा सामना उशिरा पाहणाऱ्यांना आणि निवडणुकीच्या निकालाला कंटाळलेल्यांना सारखेच उपयोगी आहे. ब्लॉकची गोष्ट निराळी आहे. ती पुढे येईल.

पहिली पोस्ट

पोस्टची मर्यादा ३०० अक्षरांची आहे. मराठीत लिहिणाऱ्याला हा आकडा दिसतो त्याहून उदार आहे, कारण इथे मात्रा वेगळी मोजली जात नाही. ‘पुणे’ हा शब्द एक्सच्या २८० चिन्हांच्या मोजणीत चार चिन्हे खातो, तर ब्लूस्कायच्या मोजणीत तो दोनच अक्षरांचा ठरतो. परिणामी आठ-नऊ शब्दांचे एखाद-दुसरे वाक्य लिहिण्यावर समाधान मानावे लागत नाही. नीट परिच्छेद लिहिता येतो.

लिहिण्याच्या चौकटीखाली भाषेचा पर्याय असतो. तिथे मराठी निवडायला विसरू नये. ही खूण वाचकाला दिसत नाही, पण भाषेनुसार पोस्ट चाळणाऱ्या फीडना आणि शोधाला ती दिसते, आणि मराठी मजकुरावर इंग्रजीची खूण राहिली तर मराठी शोधणाऱ्यापर्यंत तो पोहोचत नाही. वाचनासाठीही सेटिंग्जमध्ये आपल्या भाषा निवडून ठेवाव्यात. शोधताना निव्वळ ‘मराठी’ हा शब्द टाकण्यापेक्षा मराठीतील रोजचे, हिंदीत न येणारे शब्द टाकून पाहावेत: ‘आहे’, ‘नाही’, ‘मला’, ‘पाऊस’. देवनागरीतील हिंदीच्या पुरातून मराठी वेगळी काढण्याचा हा बरा उपाय आहे, जरी ‘मला’ आणि ‘आहे’ यांना जितके यश येते तितके ‘नाही’ला येत नाही.

एका पोस्टमध्ये चार छायाचित्रे देता येतात आणि प्रत्येकाला वर्णन जोडता येते. दृष्टिहीन व्यक्तींच्या फोनवर हे वर्णन मोठ्याने वाचले जाते. तिथे ‘सुंदर संध्याकाळ’ असे लिहून भागत नाही. हर्णे बंदरावरील लिलावाचे छायाचित्र असेल तर ‘संध्याकाळी वाळूत मांडलेले मासळीचे ढीग, भोवती बोली लावणारी माणसे आणि मागे नांगरलेल्या होड्या’ असे लिहावे, म्हणजे न पाहता चित्र उभे राहते. वर्णनाशिवाय छायाचित्र पाठवूच द्यायचे नाही अशी सक्ती स्वतःवर घालण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये आहे. तो सुरू करावा. या सेवेवरील जुन्या रहिवाशांचा वर्णनांवर कटाक्ष असतो आणि नवख्याची पारख ते यावरूनही करतात.

दुवा देताना तो चौकटीत चिकटवला की खाली शीर्षकासह चौकोन तयार होतो. त्यानंतर मजकुरातील लांबलचक पत्ता पुसून टाकला तरी चौकोन राहतो आणि तेवढी अक्षरे मोकळी होतात. पोस्टला उत्तर कोणी द्यावे हेही आधी ठरवता येते: सर्वांनी, आपण फॉलो करत असलेल्यांनी, उल्लेख केलेल्यांनी किंवा कोणीच नाही. आपली पोस्ट उद्धृत करून कोणी टर उडवू लागला तर त्याच्या पोस्टपासून आपली पोस्ट सोडवून घेता येते. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेली ही सोय मला या सेवेतील सर्वांत शहाणपणाची वाटते.

काय काय उघड्यावर असते

ब्लूस्कायवर खाते खाजगी करण्याची सोय नाही. पोस्ट, लाइक, कोण कोणाला फॉलो करतो आणि कोणी कोणाला ब्लॉक केले, ही सगळी माहिती सार्वजनिक असते. ॲपमध्ये तुमच्या लाइकची यादी इतरांना दिसत नाही म्हणून ती गुप्त आहे असे समजू नये. मूळ माहिती वाचणारी बाहेरची साधने ती दाखवू शकतात, आणि ब्लॉकच्या याद्या दाखवणारी संकेतस्थळेही आहेत. शेजारी, सहकारी किंवा नात्यातील कोणाला टाळायचे असेल तर म्यूट बरे.

हा खुलेपणा व्यवस्थेच्या मुळातच आहे, कारण कोणालाही फीड बनवता यायचे तर कोणालाही सगळ्या पोस्ट वाचता आल्या पाहिजेत. त्याची दुसरी बाजू नोव्हेंबर २०२४ मध्ये दिसली. ब्लूस्कायवरील दहा लाख पोस्टचा संच हगिंग फेस या कृत्रिम बुद्धिमत्ता-क्षेत्रातील संकेतस्थळावर ठेवला गेला आणि लोकांनी गिल्ला केल्यावर तो काढण्यात आला. संच काढला गेला तरी वाट खुलीच आहे. लॉगिन न केलेल्यांना माझे खाते दाखवू नका असे सांगणारा पर्याय आहे, पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. मे २०२४ मध्ये आलेले खाजगी संदेश सार्वजनिक नसले तरी व्हॉट्सॲपवर असते तशी एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शनची, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कोणालाही संदेश वाचता येणार नाही याची, हमी त्यांना नाही. मुलांची छायाचित्रे, घराचा पत्ता, सुटीवर निघाल्याची वर्दी यांना इथे जागा देऊ नये.

बाहेर पडण्याची वाट

ही पाहणी पहिल्याच आठवड्यात करावी, कारण सेवा बंद पडताना कोणालाच स्वस्थपणा नसतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले, आणि मराठीसह भारतीय भाषांत लिहिता यावे म्हणून गाजावाजा झालेल्या कू या देशी सेवेने जुलै २०२४ मध्ये गाशा गुंडाळला. कूवर मराठीत लिहिणाऱ्यांनी जमवलेला वाचकवर्ग त्यांना उचलून दुसरीकडे नेता आला नाही.

ब्लूस्कायमध्ये खात्याच्या सेटिंग्जमधून आपली सार्वजनिक माहिती एका फाइलमध्ये उतरवून घेता येते. पोस्ट, लाइक, फॉलो हे सगळे त्यात येते. छायाचित्रे आणि व्हिडिओ येत नाहीत. म्हणून छायाचित्रांच्या मूळ प्रती आपल्याकडे ठेवाव्यात. ही फाइल साध्या फोनवर उघडून वाचता येत नाही, तिला वेगळे साधन लागते, तरीही ती उतरवून घ्यावी. तत्त्वतः अख्खे खाते, फॉलोअरसकट, दुसऱ्या चालकाच्या सर्व्हरवर हलवता येते. प्रत्यक्षात बहुसंख्य खाती अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. तेव्हा ‘कोणाच्याच मालकीचे नाही’ या जाहिरातीवर आजच्या घडीला अर्धाच विश्वास ठेवावा. कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये दीड कोटी डॉलरचे भांडवल उभारले आहे, आणि भांडवल घालणारे कधी ना कधी परताव्याविषयी विचारतातच.

आठवडाभराने सेवा पटली नाही तर खाते कायमचे पुसण्याऐवजी आधी तात्पुरते निष्क्रिय करावे. पटली तर जुन्या ठिकाणचे खाते एकदम बंद करू नये. तिथल्या परिचयात नवे हँडल आणि इथल्या परिचयात जुने हँडल लिहून ठेवावे, म्हणजे शोधत येणाऱ्याला दोन्हीकडे असलेली व्यक्ती एकच आहे हे पडताळून पाहता येते.