इंग्रजी शब्दाची जात त्याच्या कपाळावर लिहिलेली नसते

शब्दांच्या आठ जाती पाठ असतात, व्याख्याही येतात, तरी पेपरात अधोरेखित शब्दाची जात विचारली की पेन अडतं. कारण इंग्रजी शब्दाची जात वाक्यात ठरते. ‘राउंड’ घ्या. ‘द सेकंड राउंड’मध्ये नाम, ‘अ राउंड टेबल’मध्ये विशेषण, ‘द बस राउंडेड द कॉर्नर’मध्ये क्रियापद, ‘शी टर्न्ड राउंड’मध्ये क्रियाविशेषण आणि ‘दे सॅट राउंड द फायर’मध्ये शब्दयोगी अव्यय. तेव्हा ‘हजार शब्द जातीसकट’ छापाच्या पीडीएफ पाठ करू नका. त्यात भलं होतं ते विकणाऱ्याचंच.

शब्दाचे शेजारी बघा. आधी ‘अ’, ‘द’, ‘माय’ असेल तर पुढे कुठेतरी नाम येणारच. ‘कॅन’, ‘मस्ट’ असेल तर क्रियापद. ‘टू’ मात्र दगा देतो. ‘ही वेंट टू वर्क’मधलं ‘वर्क’ नाम आहे, ‘ही वॉन्ट्स टू वर्क’मधलं क्रियापद. मध्ये ‘हिज’ घालून वाचा. ‘वेंट टू हिज वर्क’ चालतं, ‘वॉन्ट्स टू हिज वर्क’ चालत नाही. जिथे चालतं तिथे नाम.

आता खरा खड्डा. यात चांगले मार्क असलेलेही पडतात, म्हणून जरा सविस्तर.

मराठीत आपण नामाला ‘करणे’, ‘देणे’ जोडून काम भागवतो. नाशिकला भेट दिली, किल्ल्यावर हल्ला केला, या मुद्द्यावर भर दिला. त्यातलं ‘ला’ आणि ‘वर’ डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की इंग्रजी लिहिताना ते आपोआप उतरतं. इंग्रजीत ‘अटॅक’ नाम असेल तर ‘ऑन’ लागतं: ‘ॲन अटॅक ऑन द फोर्ट’. क्रियापद झालं की ते कर्म थेट घेतं: ‘दे अटॅक्ड द फोर्ट’. ‘अटॅक्ड ऑन द फोर्ट’ चूक. तसंच ‘अ व्हिजिट टू नाशिक’ पण ‘व्हिजिटेड नाशिक’. ‘द डिमांड फॉर वॉटर’ पण ‘डिमांडेड वॉटर’. ‘स्ट्रेस ऑन डिसिप्लिन’ पण ‘स्ट्रेस्ड डिसिप्लिन’. ‘डिस्कशन’ आणि ‘डिस्कस’ दिसायला वेगळे, तरी गोष्ट तीच: ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, पण ‘डिस्कस्ड द प्लॅन’. ‘डिस्कस्ड अबाउट’ ऑफिसातल्या मेलमध्ये रोज दिसतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

हा नियम सरसकट लावायला गेलात तर पुन्हा फसाल. ‘वेट’ क्रियापद असूनही ‘फॉर’ मागतं, ‘डिपेंड’ला ‘ऑन’ लागतंच. ‘सर्च’मध्ये तर अर्थच फिरतो: ‘सर्च्ड द हाउस’ म्हणजे घराची झडती घेतली, ‘सर्च्ड फॉर द की’ म्हणजे किल्ली शोधली. शब्दकोशात क्रियापदापुढे सकर्मक की अकर्मक ते लिहिलेलं असतं. मराठी अर्थ वाचून कोश मिटू नका, ती खूणही बघा. वहीत प्रत्येक शब्दाखाली दोन वाक्यं लिहा, एक नामाचं, एक क्रियापदाचं. वीस-पंचवीस शब्दांची अशी तयारी झाली की नेहमीच्या बऱ्याच चुका थांबतात. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त याला ट्रिक नाही. ‘दहा सेकंदांत ओळखा’ म्हणणाऱ्या सरांचा व्हिडिओ बंद करा.

विशेषणाबाबत एक कसोटी बऱ्याचदा कामी येते, नेहमी नाही: ‘व्हेरी’. ‘व्हेरी हाय वॉल’ चालतं, ‘व्हेरी स्टोन वॉल’ नाही. म्हणजे ‘स्टोन’ मुळात नामच, जागा तेवढी विशेषणाची. असं नाम बहुधा एकवचनी राहतं, म्हणून ‘टेन-रुपी नोट’, ‘रुपीज’ नव्हे. ‘स्लीपिंग चाइल्ड’ म्हणजे झोपलेलं मूल, पण ‘स्लीपिंग बॅग’ काही झोपलेली नसते, ती झोपण्यासाठी असते.

उच्चारही जात सांगतो. ‘यूस’ नाम, ‘यूझ’ क्रियापद, स्पेलिंग एकच. ‘रेकॉर्ड’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद.

शेवटी ‘ली’ दिसला की क्रियाविशेषण, यावर मात्र भरवसा नको. ‘फ्रेंडली’ विशेषण आहे. ‘हार्ड’ मुळातच विशेषणही आहे आणि क्रियाविशेषणही. त्याला ‘ली’ जोडून अर्जात ‘आय हार्डली वर्क्ड फॉर फाइव्ह इयर्स’ लिहिलंत, तर पाच वर्षं जेमतेमच काम केल्याची लेखी कबुली दिलीत.