रामदेवरायाच्या शिलालेखाचे साल कसे काढावे

देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाची कारकीर्द इ.स. १२७१ ते १३११. या विठ्ठलभक्त राजाच्या काळातले लेख साधारण एकाच साच्याचे असतात. ‘स्वस्ति श्री’, मग शक, संवत्सर (साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव), मास-पक्ष-तिथी-वार, पुढे ‘प्रौढप्रतापचक्रवर्ती’सारखी बिरुदे, अधिकाऱ्याचे नाव, दान आणि शेवटी शाप. साल पहिल्या एक-दोन ओळींतच सापडते.

आधी उजेड. अक्षरांत खडू, पीठ किंवा तेल भरू नका. खडूने अक्षर गिरवले की दगडावरचा टवकाही काना होऊन बसतो. कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून तिरपा धरा आणि चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. वाचताना पृष्ठमात्रेचे, म्हणजे मात्रा लिहिण्याच्या जुन्या पद्धतीचे, भान ठेवा. तिथे ‘ए’ची मात्रा अक्षराच्या डावीकडे उभ्या दांडीसारखी असते, त्यामुळे ‘के’ हा ‘ाक’ असा दिसतो. ‘शके’ऐवजी ‘सकु’ही आढळते.

आकडा मिळाला म्हणून इसवी सनासाठी लगेच ७८ मिळवू नका. झिजलेल्या दगडावर १ आणि ९ सहज फसवतात. पडताळा संवत्सराचा घ्यावा. शकात १२ मिळवा, ६०ने भागा. बाकी उरेल तो प्रभव या पहिल्या संवत्सरापासूनचा क्रमांक (बाकी शून्य म्हणजे साठावा, क्षय). पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात (विठ्ठल मंदिरातला देणग्यांच्या नोंदींचा शिलालेख) शके ११९५, श्रीमुख संवत्सर आहे. ११९५ + १२ = १२०७, बाकी ७, आणि सातवा श्रीमुखच. तोच आकडा कोणी १११५ वाचला, तर बाकी ४७ येते, म्हणजे प्रमादी. चूक तिथेच उघडी पडते. गणितातले नाव लेखातल्या नावापेक्षा एकने पुढे निघाले, तर आकडा वर्तमान, म्हणजे चालू वर्ष धरून मोजलेल्या, शकाचा असतो. त्यातून १ वजा करून गत, म्हणजे पूर्ण झालेल्या वर्षांचा, शक घ्या. फरक याहून मोठा असेल तर दगडाकडे परत जा.

शक शब्दांत असेल तर उलटा वाचायचा: शर, नंद, चंद्र, भू म्हणजे ५, ९, १, १, अर्थात ११९५.

आता गत शकात ७८ मिळवा. माघ-फाल्गुनाला बहुधा ७९. पौषात मात्र ख्रिस्ती वर्षच पालटते, म्हणून तिथे तारीख काढल्याशिवाय साल लिहू नये.

तारीख काढताना सॉफ्टवेअर ज्युलियन देते की ग्रेगोरियन, ते बघा. तेराव्या शतकात दोन्हींत ७ दिवसांचे अंतर आहे आणि इतिहासग्रंथांत ज्युलियन तारीख छापतात. वार एका दिवसाने चुकला तर तिथी केव्हा लागली ते तपासा. दोन दिवसांची तफावत मात्र चालवून घेऊ नका.

राजाचे नावही जुळायला हवे. शके ११८५ निघाले तर ते १२६३ होते, आणि तेव्हा गादीवर महादेव होता.