सप्रेसर टी-आरएनएचं कोडं कागदावर कसं सोडवायचं

सांगलीत विश्रामबागेत मी शिवाजी विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या मुलांची शिकवणी घेते. जनुकाच्या आरएनए प्रतीवरचे तीन-तीन अक्षरांचे शब्द, म्हणजे कोडॉन, वाचून प्रथिनात अमिनो आम्ल आणून बसवतो तो टी-आरएनए; 'इथे थांबा' सांगणारा स्टॉप कोडॉन मधेच आला तरी तोही वाचतो तो सप्रेसर टी-आरएनए. त्यावर प्रश्न आला की उत्तरात हमखास एक वाक्य असतं: 'त्यामुळे बिघडलेलं जनुक दुरुस्त होतं.' होत नाही. मधेच आलेला स्टॉप कोडॉन जागचा हलत नाही. बदलतो तो वाचणारा टी-आरएनए. हे मनात पक्कं झालं की पेन उचला.

स्टॉप कोडॉन लिहा: यू-ए-जी, म्हणजे अंबर. डावीकडे ५ प्राइम, उजवीकडे ३ प्राइम (आरएनए साखळीची दोन टोकं) हेही लिहा, कंटाळा करू नका. खाली जोडीची अक्षरं मांडा (ए ची जोडी यू शी, जी ची सी शी): ए-यू-सी. ही ओळ ३ प्राइमकडून सुरू झाली आहे, म्हणून उलटी वाचा: सी-यू-ए. अंबर वाचायला हा अँटिकोडॉन, म्हणजे टी-आरएनएवरची कोडॉनशी जुळणारी तीन अक्षरं, हवा.

आता ई. कोलाय या जिवाणूचे तीन टी-आरएनए घ्या. टायरोसीनचा अँटिकोडॉन जी-यू-ए, सेरीनचा सी-जी-ए, ग्लुटामीनचा सी-यू-जी. प्रत्येकात एकच अक्षर बदलून सी-यू-ए करून दाखवा. टायरोसीनचं पहिलं बदलेल, सेरीनचं मधलं, ग्लुटामीनचं शेवटचं. मला या विषयातला हाच भाग सगळ्यात देखणा वाटतो. अँटिकोडॉन तिघांचा सारखा झाला, तरी प्रथिनात अमिनो आम्ल ज्याचं त्याचंच बसतं. क्लोनिंगला सर्रास वापरतात त्या डीएच५-अल्फा जिवाणूंत हा ग्लुटामीनवाला सप्रेसर असतो.

ऑकर, म्हणजे यू-ए-ए, याच रीतीने करा. उत्तर यू-यू-ए. पण पहिल्या जागचा यू वॉबलमुळे, म्हणजे या जागच्या सैल जोडीमुळे, ए आणि जी दोघांशी जुळतो, म्हणून हा सप्रेसर अंबरही वाचतो. अंबरवाल्याच्या सी ला फक्त जी चालतो, त्याला ऑकर वाचता येत नाही.

'टी-आरएनए बदलला, स्टॉपही वाचले जाऊ लागले, मग पेशी जगते कशी?' हे विचारतातच. एक म्हणजे त्या टी-आरएनएची दुसरी चांगली प्रत, किंवा तेच कोडॉन वाचू शकणारा दुसरा टी-आरएनए, नेहमीचे कोडॉन वाचत राहते. दुसरं, रिलीज फॅक्टर १ (स्टॉप कोडॉन ओळखून साखळी तिथेच सोडवणारं प्रथिन) त्याच यू-ए-जी वर झडप घालत असतो, त्यामुळे काही प्रथिनं पूर्ण होतात, काही तिथेच तुटतात.

ओपल, यू-जी-ए, दिसला की मात्र थांबा. डेव्हिड हर्श यांनी १९७१ मध्ये दाखवलेल्या सप्रेसरमध्ये ट्रिप्टोफॅनच्या टी-आरएनएचा अँटिकोडॉन सी-सी-ए तसाच आहे. बदल आहे डी-भुजेत (टी-आरएनएच्या अँटिकोडॉनपासून दूरच्या एका फांदीत), २४व्या जागी जी चा ए. ई. कोलायकडे या टी-आरएनएचं जनुक एकच, तरी पेशी जगते, कारण ट्रिप्टोफॅनचा नेहमीचा कोडॉन यू-जी-जी तो पूर्वीसारखाच वाचतो.