कॉन्टेसाला रुंद टायर? आधी घट्ट कणीक मळा
आप्पांची कॉन्टेसा पुन्हा रस्त्यावर आणली तेव्हा मी सगळ्यात आधी रुंद चाकं घेतली. एवढं लांब बॉनेट आणि खाली बारीक टायर, मला बघवत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "बिनधास्त बसतील." रिकामी गाडी छान चालली. मग घरचे पाचजण बसून त्र्यंबकला निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर मागून खर्रर्र आवाज आला. टायरची आतली बाजू सोलली होती.

आधी व्यास जुळवा. टायरवरच्या मापातला पहिला आकडा, म्हणजे मिमीमधली रुंदी, गुणिले तिरक्या रेघेनंतरचा दुसरा आकडा, भागिले शंभर, त्याची दुप्पट. त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा. माझ्या गाडीवर १७५/८० आर १३ होते, म्हणजे ६१० मिमी. १९५/६५ आर १४ चे ६०९ येतात. स्पीडोमीटर जवळपास तेच दाखवतो. २०५/६५ आर १४ घेतला तर ६२२, म्हणजे काटा खऱ्या वेगापेक्षा मागे राहणार.

गाडं अडतं ते ऑफसेटपाशी, म्हणजे रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि रिम गाडीला जिथे टेकते ती जागा यांतल्या अंतरापाशी. ऑफसेट तोच ठेवून रिम एक इंच रुंद केली की ती आत १२.७ आणि बाहेर १२.७ मिमी सरकते. ऑफसेट १० ने कमी केला तर अख्खं चाक १० मिमी बाहेर येतं. मग आत किती जागा आहे? ती उभ्या गाडीत कळत नाही. मागचा अ‍ॅक्सल अखंड आहे, एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं.

म्हणून जुन्याच चाकांवर हे करा. कणीक घट्ट मळा, गोळ्यांना वरून सुकं पीठ लावा. स्प्रिंगच्या बाजूला, मडगार्डच्या आतल्या काठाला आणि पुढे टाय रॉडजवळ (चाकं वळवणारा दांडा), टायरला जेमतेम टेकतील असे चिकटवा. गाडीत माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, गतिरोधकावरून हळू न्या. दबून उरलेली जाडी हीच तुमची खरी जागा. त्यातली १० मिमी मी मोकळी सोडते.

नवीन रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मोठं असेल तर नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत लेथवर ॲल्युमिनियमची रिंग कातून घ्या. नटांची बैठकही रिमशी जुळली पाहिजे. निमुळत्या बैठकीत सपाट नट कधीच नको.

मी १९५ वर थांबले. टायर रुंद झाला की त्याला जास्त रुंदीतलं पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. कसारा घाटातला जुलै ज्याने पाहिलाय त्याला ही धास्ती कळेल. शिवाय माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, रविवार कारंजाच्या गर्दीत हात भरून येतात.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचूनच पैसे द्या: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आणि स्टेपनी त्याच मापाची घ्या. मागच्या दोन चाकांचे व्यास वेगळे असले की सरळ रस्त्यावरही डिफरेन्शियलची (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) आतली गिअरं सतत घासत राहतात.