चंदी पाव किलोनं वाढवा: दसऱ्यानंतर रोडावलेल्या घोडीसाठी

चातुर्मासात वराती नसतात. कमाई नाही म्हणून चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, तोडलेली असते आणि वैरण पावसानं भिजलेली. दसरा उलटला की पुणे जिल्ह्यातल्या हवेली, मुळशी, खेडकडच्या घोडेवाल्यांना एकच घाई होते, तुळशीच्या लग्नापर्यंत फासळ्या झाकल्या पाहिजेत. हातात जेमतेम महिना. मग एके संध्याकाळी तोबऱ्यात दोन-तीन किलो भिजवलेला हरभरा पडतो, वर गुळाचा खडा. पहाटे घोडी ठाणावर लोळत असते. अशा चांगल्या घोड्या जाताना मी पाहिल्यात. मालकानं माया केली होती, फक्त एका रात्रीत केली.

घोड्याला उलटी करता येत नाही आणि अंगाच्या मानानं त्याचं जठर लहान. न पचलेला दाणा पुढं मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, वायू धरतो, पोटशूळ उठतो. पोटातून वाचली तर दोन-तीन दिवसांनी टापा तापतात. नखाच्या आतले पडदे सुजून सुटायला लागतात आणि घोडी कायमची लंगडी होते. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारीपुढं, म्हणजे पळत्या बैलांच्या पुढं, धावणारी घोडी असेल तर तिचं धावणं तिथंच संपलं.

आधी वजन काढा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १५० आणि लांबी १४५ असेल तर वजन साधारण २७५ किलो. एवढ्या घोडीला दिवसाला साडेपाच ते सात किलो कोरडी वैरण लागते. चार किलोच्या खाली कधीच जाऊ नका. पहिले दहा दिवस अंग वैरणीवरच धरू द्या. कडबा, वाळलेलं गवत, जोडीला थोडा लसूणघास, तोही रोज मूठ-मूठ वाढवत. बांधावरची हरळी मिळाली तर सोडू नका. पुस्तकात कुणी लिहिलेलं नाही, पण हरळीवर घोडी जशी खुलते तशी पिशवीतल्या कशावरच खुलत नाही, हा माझा अनुभव.

त्यानंतर चंदी. भरडलेला जव किंवा ओट आणि थोडा भिजवलेला हरभरा मिळून सुरुवात पाव किलोची. दर तिसऱ्या दिवशी पाव किलो वाढ. एका वेळेला एक किलोच्या वर नाही, दिवसभरात दोन किलोच्या वर नाही. लिदीत अख्खे दाणे दिसले किंवा लीद पातळ झाली तर वाढ थांबवा. महिन्यात दहा-बारा किलो वजन चढलं तरी पुष्कळ समजा. हाडांचा सापळाच झालेली घोडी असेल तर दाण्याला हातही लावू नका. उपाशी शरीराला एकदम पिष्ट मिळालं की रक्तातले क्षार कोसळतात आणि जनावर आठवड्याभरात दगावू शकतं. तिला डॉक्टरांच्या देखरेखीत थोडी-थोडी वैरण, दर तीन-चार तासांनी.

आता परतीचा पाऊस. भिजून काळी पडलेली, कुबट वासाची पेंढी फेकून द्या. वाळवून, झटकून घालू नका. बुरशीचं विष उन्हानं जात नाही.

रोजचं:
- पाणी २५ ते ३० लिटर, कायम समोर
- मीठ २५ ग्रॅम
- गोडं तेल ५० मिलीपासून, दोन आठवड्यांत १५० मिलीपर्यंत
- चंदीनंतर तासभर काम नाही
- खरारा, टापांची सफाई

कोंबडी खाद्य घोड्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्यात मोनेन्सिन हे कोंबड्यांच्या रोगावरचं औषध असू शकतं. कोंबडीला चालणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. गव्हाचा कोंडाही सढळ नको, त्यात स्फुरद फार आणि कॅल्शियम कमी, हाडं पोकळ होतात. ‘पंधरा दिवसांत वजन’ म्हणून दुकानदार पुढं करतो त्या पावडरी आणि टोचायची औषधं मी कुणालाही सांगत नाही. त्याच पैशात लसूणघास किती येईल ते बघा, आणि उरलेले लीद तपासायला ठेवा.

कारण खाऊनही अंग धरत नसेल तर दोष खुराकाचा नसतो. दाढा टोकदार झाल्या असतील तर अर्धवट चघळलेले गोळे तोंडातून पडतात. जंत असतील तर आयव्हरमेक्टिन किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे २७५ किलोला ५५, घोड्याच्या पेस्टमधून तोंडावाटे. गाईचं इंजेक्शन टोचू नका. ताप येतो-जातो आणि पाय सुजतात असं असेल तर पावसाळ्यातल्या गोमाश्यांनी सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) दिला असेल, लगेच रक्त तपासा.

घोडी पाय आपटते, कुशीकडे वळून बघते, लीद बंद आहे, जबड्याखालची नाडी मिनिटाला साठच्या वर (एरवी ती २८ ते ४४ असते), तर चंदी आणि वैरण उचला आणि डॉक्टरांना बोलवा. बाटलीनं तेल पाजू नका, फुप्फुसात जातं. दावं सोडून दाण्याचं पोतं फस्त केलं असेल तर घोडी बरी दिसते म्हणून सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री फोन करा आणि डॉक्टर येईपर्यंत चारही टापा बर्फाच्या पाण्यात ठेवा.